अवांतर वाचन, वय ११ ते १४ : काय जमतं, कुठे अडतं (ठाणे–नवी मुंबई अनुभव धागा)

पानखूण (नौपाडा)

सहावी ते नववीच्या मुलांच्या अवांतर वाचनाचा विषय निघाला की दोनच सूर लागतात. एक, "हल्लीची मुलं वाचतच नाहीत." दुसरा, "आमचा बघा, आठवड्याला चार पुस्तकं फस्त करतो." ऐकणाऱ्या तिसऱ्याच्या हाती यातून काही लागत नाही. म्हणून या वयाच्या मुलांशी ज्यांचा रोजचा संबंध आहे अशांना मुद्दाम लिहायला बोलावलं आहे: शिक्षक, बालविभाग सांभाळणारे, सोसायटीचं कपाट चालवणारे, डोळे तपासणारे. अट एवढीच की स्वतःचं बालपण आणि स्वतःची गुणी मुलं बाजूला ठेवा. पद्धत लिहा, मोजमाप लिहा, काय फसतं आणि का फसतं ते लिहा. पुस्तकांच्या याद्याही नकोत. त्या ढिगाने मिळतात, आणि बारा वर्षांचं मूल यादी बघूनच पळतं.

शब्दांपासून सुरुवात मीच करते.

घोडबंदर रोडच्या टॉवरमधल्या मुलाला लाज वाटली, त्याची चूक उघडी पडली, कुणी चारचौघांत बोललं, हवं ते मिळालं नाही, तर या सगळ्याला त्याच्याकडे एकच शब्द असतो: 'ऑकवर्ड'. मराठीत ओशाळणं वेगळं, वरमणं वेगळं, खजील होणं वेगळं आणि हिरमुसणं तर पारच वेगळं. फळ्यावर व्याख्या लिहून हा फरक कळत नाही. 'तो ओशाळला आणि पायाच्या अंगठ्याने माती उकरत उभा राहिला' असं वाक्य वाचलं की निम्मा अर्थ तो अंगठाच सांगून जातो.

तरी एका भेटीत शब्द पक्का होत नाही. स्वानबोर्न आणि डी ग्लॉपर या दोघांनी १९९९ साली आधीच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला होता. वाचताना भेटणाऱ्या अनोळखी शब्दांपैकी साधारण १५ टक्के शब्दच मुलांच्या पदरात पडतात, असं त्यातून निघालं. उरलेले पंचाऐंशी त्या खेपेला निसटतात आणि पुन्हा कुठेतरी भेटावे लागतात. पाठ्यपुस्तकात ते पुन्हा भेटतीलच असं नाही, कारण पाठ्यपुस्तकाची पानंच मोजकी. अवांतर वाचनाचा मोठा फायदा हा असा रोकडा आहे: तोच शब्द पाच ठिकाणी, पाच वेगळ्या माणसांच्या तोंडी भेटतो.

वस्तूंच्या नावांचं मात्र वेगळं आहे. ओटी, पडवी, माजघर, परसू हे शब्द संदर्भाने उमगत नाहीत, कारण वन बीएचकेत वाढलेल्या मुलाच्या डोळ्यांपुढे तसं घरच नसतं. कोशातला अर्थही कामाचा नाही. 'पडवी म्हणजे ओसरी' वाचून ते आणखी गोंधळतं. कागद घ्या आणि कोकणातल्या घराचा आराखडा काढा: पुढे अंगण, मग पडवी, ओटी, आत माजघर, त्यामागे स्वयंपाकघर, सगळ्यात मागे परसू. दोन मिनिटांचं काम आहे. ज्या मुलांना हा कागद दिला, ती पुढच्या गावाकडच्या गोष्टीत अडखळत नाहीत.

दाखलांक (ठाणे पश्चिम)

ठाण्याला वाचनालयांची उणीव कधीच नव्हती. मराठी ग्रंथसंग्रहालय १ जून १८९३ चं आहे. 'महाराष्ट्र सारस्वत'कार वि. ल. भावे त्याच्या संस्थापकांपैकी. आपली अडचण फळीच्या पातळीवरची आहे.

बारा-तेरा वर्षांचं मूल वाचनालयात त्रिशंकू होतं. बालविभागात ठेंगणी स्टुलं, मोठाल्या टायपातली चित्रांची पुस्तकं आणि शेजारी बसलेली दुसरीतली पोरं. तिथे त्याला वर्गमित्रांनी पाहिलेलं चालत नाही. मोठ्यांच्या विभागात त्याला 'तुमचं कार्ड तिकडचं' असं सांगून परत पाठवतात. सातवीपासून पुढची गळती बरीचशी इथे होते. उपाय स्वस्त आहे. एक कपाट दोन विभागांच्या मधल्या वाटेवर आणायचं, त्यावर 'बाल' हा शब्द कुठेही लिहायचा नाही आणि बालसभासदाच्या कार्डावर त्यातलं काहीही द्यायचं.

मांडणीचं गणित सांगतो. तीन फुटी फळीवर मुलांची पातळ पुस्तकं उभी लावली तर ऐंशी-नव्वद सहज बसतात. मुखपृष्ठं समोर ठेवून लावली तर सहा. जागा वाया जाते म्हणून सगळेच पहिली पद्धत पत्करतात आणि तिथेच फसतात. मधे पिन मारलेल्या, साठ-चौसष्ट पानी पुस्तकाला पाठच नसते, त्यामुळे नाव छापायला जागा नाही. फळीवर ते पुस्तक अदृश्य असतं. मुलांच्या नजरेच्या उंचीची एकच फळी मुखपृष्ठं दाखवायला द्या, दर शनिवारी त्यावरची सहा बदला. पिनवाली पुस्तकं रुंद खोक्यात, तोंडं पुढे करून ठेवा. पत्ते चाळावेत तशी मुलं ती चाळतात.

दुसरा घात बांधणीत होतो. फाटलेलं पुस्तक बाइंडरकडे गेलं की जाड पुठ्ठा आणि तपकिरी रेक्झिन चढवून येतं, पाठीवर हाताने लिहिलेलं नाव. आतली गोष्ट तीच, पण ते पुस्तक पुन्हा कुणी मूल उचलत नाही. पाठवण्याआधी मुखपृष्ठाची रंगीत झेरॉक्स काढा आणि बांधून आल्यावर वर चिकटवा. मूळ मुखपृष्ठ धड असेल तर 'ते कापू नका, आत घेऊन शिवा' असं बाइंडरला चिठ्ठीवर लिहून द्या. तोंडी सांगितलेलं लक्षात राहत नाही.

पुस्तक मुलाच्या आवाक्यातलं आहे का ते त्याचं त्याला तपासता येतं. मधलंच एखादं पान उघडायचं, वाचत जायचं, शब्द अडला की एक बोट मिटायचं. पान संपायच्या आत मूठ झाली तर पुस्तक सध्या जड आहे. याला आधारही आहे. हू आणि नेशन यांच्या २००० सालच्या अभ्यासात, इंग्रजी परभाषा म्हणून शिकणाऱ्यांना मजकूर कुणाच्या मदतीशिवाय नीट कळायला त्यातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात असं दिसलं. म्हणजे पन्नासात एक अनोळखी. दोनशे शब्दांच्या पानावर चार. पाचवं बोट तिथेच मिटतं. पहिलं पान मात्र तपासायला घेऊ नका, तिथे लेखक वर्णनाची हौस भागवून घेत असतात.

क्रिकेटवेड्या मुलाला क्रिकेटच्या पुस्तकासाठी हा नियम लावू नका. तो मूठ मिटूनही वाचतो.

रफार (ठाणे, विशेष शिक्षिका)

'वाचायचा कंटाळा' या एका तक्रारीखाली तीन-चार निरनिराळ्या अडचणी दडलेल्या असतात, आणि एकीचा उपाय दुसरीला लागू पडत नाही. घरी करता येईल अशी छाननी देते.

सारख्या अवघडपणाचे, दीडशे-दीडशे शब्दांचे दोन उतारे घ्या. पहिला तुम्ही वाचून दाखवा. दुसरा मुलाला मनात वाचू द्या. प्रत्येकावर चार प्रश्न, तोंडी. त्यातला एक तरी 'का' असा असावा. ऐकलेला कळला आणि वाचलेला कळला नाही, तर अडचण अक्षरं उलगडण्यात आहे. दोन्ही कळले नाहीत तर भाषा किंवा विषयाची माहिती तोकडी पडते आहे. दोन्ही कळले तर मूल ठीक आहे, तुम्ही दिलेलं पुस्तक रटाळ आहे. गफ आणि टनमर यांनी १९८६ मध्ये हेच सूत्रात मांडलं: आकलन म्हणजे अक्षरं उलगडणं गुणिले भाषा समजणं. एक आकडा शून्य असला की गुणाकार शून्य.

ठाणे-नवी मुंबईत पहिला प्रकार इंग्रजी माध्यमाच्या मुलांत सर्रास दिसतो. मराठी बोलतात फाडफाड, वाचायला दिलं की लोकल सिग्नलला थांबावी तशी थांबतात. कुठे थांबतात ते पेन्सिलने टिपत जा. बहुतेक थांबे तीन जागी सापडतील.

पहिली जागा माझ्या नावाची. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे दरीचं अनेकवचन. आचार्यांना जेवायला बोलावतात, आचाऱ्यांना स्वयंपाकाला. ही जोडी एकदा कागदावर शेजारी शेजारी दाखवली की पुरते, पण कुणीतरी दाखवावी लागते.

दुसरी जागा लांब शब्दांची. 'खिडकीजवळच्यांनाही' हा मुलाला एक अगडबंब शब्द दिसतो. पेन्सिलने उभ्या रेघा मारा: खिडकी, जवळ, च्यां, ना, ही. दहा-बारा शब्द असे फोडून झाले की मूल मनातल्या मनात रेघा मारायला लागतं. याचंच भावंड म्हणजे सामान्यरूप. 'पाण्याने'चा अर्थ शोधायला निघालेलं मूल कोशात 'पाण्या' शोधतं आणि मराठी कोशात काही सापडत नाही असं जाहीर करतं.

तिसरी जागा च, ज, झ यांच्या दुहेरी उच्चारांची: 'चार' आणि 'चारा'. मनात वाचताना यात चूक झाली तरी काही बिघडत नाही, त्यामुळे टोकू नका.

अशा मुलाला एकदम 'बस आणि वाच' म्हणू नये. आधी जोडीने वाचन. दोघांनी एकाच पुस्तकात बघून, एका सुरात, मुलाच्या वेगाने मोठ्याने वाचायचं. मुलाला आत्मविश्वास आला की त्याने टेबलावर टिचकी मारायची, तुम्ही गप्प व्हायचं. ते अडलं की चार-पाच सेकंद थांबायचं, तेवढ्यात जमलं नाही तर शब्द सांगून टाकायचा आणि पुन्हा जोडीने पुढे. अक्षर फोडून दाखवायचं नाही, 'हे कालच सांगितलं होतं' म्हणायचं नाही. रोज दहा मिनिटं, आठवड्यातले पाच दिवस. टिचक्या लवकर यायला लागल्या की तुम्ही उठून जायची वेळ झाली. पालक नेमके इथेच चुकतात. मजा यायला लागलेली असते, म्हणून ते बसून राहतात आणि मुलाचं एकट्याचं वाचन सुरूच होत नाही.

सहावीतलं मूल अजूनही पहिलं अक्षर पाहून शब्द ठोकून देत असेल, ओळी गाळत असेल आणि महिनाभर जोडीने वाचूनही फरक नसेल, तर शिकवणी बदलत बसू नका, अध्ययन अक्षमतेची रीतसर तपासणी करून घ्या.

जाडभिंग (कोपरखैरणे)

रफारताईंच्या छाननीआधी एक पायरी: डोळे. शाळेतल्या तपासणीत सहसा सहा मीटरवरचा तक्ता वाचून घेतात. त्यात लांबचं कळतं. जवळ पाहताना डोळ्यांवर ताण येणारी मुलं, किंवा दोन्ही डोळे जवळच्या बिंदूवर नीट एकवटत नाहीत अशी मुलं, त्या तक्त्यावर अगदी पास होतात. खुणा अशा: पंधरा मिनिटांत कपाळ दुखतं, ओळ हरवते म्हणून बोट ठेवावं लागतं, एक डोळा झाकून वाचलं तर बरं वाटतं. यातलं काहीही दिसलं तर 'जवळची नजर आणि डोळ्यांचा समन्वयही तपासा' असं स्पष्ट सांगून तपासून घ्या.

पुस्तक तीस-चाळीस सेंटिमीटरवर. पलंगावर पालथं पडून वाचलं की ते अंतर वीसच्या खाली येतं. वीस मिनिटांनी खिडकीतून लांबवर वीसेक सेकंद बघायचं. येऊरचे डोंगर दिसत असतील तर उत्तम. समोरच्या इमारतीवरची टाकीसुद्धा चालते.

दीडपट (वाशी, गणित)

माझा विषय गणित, तरी इथे यायचं कारण आहे. सातवी-आठवीतली निम्मी शाब्दिक उदाहरणं मुलांची गणितामुळे चुकत नाहीत. हे बघा:

'वाशीहून सुटलेल्या डब्यात ४८ प्रवासी होते. ऐरोलीला त्यांपैकी एक तृतीयांश उतरले व उतरलेल्यांच्या दीडपट चढले. आता डब्यात किती?'

१६ उतरले, २४ चढले, उत्तर ५६. हमखास येणारं चुकीचं उत्तर ८०. कारण मूल '४८ मधून १६ गेले, राहिले ३२' इथपर्यंत आलं की 'दीडपट' हा शब्द ताज्या आकड्याला लावतं: ३२ चे ४८. भागाकार येतो, दीडपट येते. 'उतरलेल्यांच्या' हा शब्द मागे कुणाकडे बोट दाखवतो, एवढंच पाहायचं राहून जातं. अनुक्रमे, प्रत्येकी, किमान, खेरीज, उरलेल्यांपैकी हे सगळे असेच घात करणारे शब्द. गोष्टी वाचणाऱ्या मुलाला मागच्या वाक्यातल्या माणसाला पुढच्या वाक्यात ओळखायची सवय झालेली असते. 'ती', 'त्याने', 'तिच्या धाकट्याला' असं पानभर चालतं, आणि चुकलं तर गोष्टच कळत नाही.

ब्रिटनमध्ये १९७० साली जन्मलेल्या मुलांचा जो दीर्घ अभ्यास चालू आहे, त्याच्या आधारे सलिव्हन आणि ब्राउन यांनी २०१३ मध्ये दाखवलं की दहा ते सोळा वयात आवडीने वाचणाऱ्यांची शब्दसंपत्ती आणि शुद्धलेखनाबरोबर गणितातही जास्त प्रगती झाली होती, घरची शैक्षणिक परिस्थिती हिशेबात धरूनसुद्धा. असल्या अभ्यासातून 'वाचलं म्हणूनच' असं छातीठोक म्हणता येत नाही, हे मान्य. पण ८० हे उत्तर तपासून तपासून मला आश्चर्य वाटलं नाही.

शंकेखोर (मानपाडा)

अभ्यासांचीच नावं घ्यायची तर हेही घ्या. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाचन समितीने २००० साली स्पष्ट लिहिलं की शाळेत मुलांना मूकवाचनाला नुसतं बसवल्याने वाचन सुधारतं याला पुरेसा पुरावा सापडला नाही. मग दरवर्षी १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनी, सगळी शाळा पुस्तक उघडून बसते त्याचा फोटोपलीकडे उपयोग काय?

पानखूण

शंकेखोर, फोटोपुरताच, जर तेवढ्यावर थांबलं तर. मूकवाचनाचा तास दोन कारणांनी फसतो. एक, पुस्तक मुलाने निवडलेलं नसतं. पेटीतून वाटलेलं असतं, दाखलांक म्हणतात तसं मूठ मिटायला लावणारं. दोन, वीसेक मुलं खोटं वाचतात. ओळखायचं कसं? पान उलटण्याच्या आवाजावरून. खरं वाचणाऱ्यांचा ताल साधारण सारखा असतो. खोटं वाचणारा शिक्षक जवळ आले की पान उलटतो.

पस्तीस मिनिटांचा तास असेल तर अशी विभागणी टिकते: पाच मिनिटं पुस्तक अदलाबदल, पंचवीस वाचन, पाच मोकळी. त्या पंचवीसमधल्या पंधरांत शिक्षकाने पाच मुलांशी प्रत्येकी तीन मिनिटं हळू आवाजात बोलायचं. प्रश्न तीनच: कुठे थांबलास? आत्ता त्या गोष्टीत कोण अडचणीत आहे? आता काय होईल असं वाटतं? तिसऱ्या प्रश्नाला 'माहीत नाही' आलं की समजायचं, पुस्तक बदलायची वेळ झाली. साठांचा वर्ग आणि आठवड्याला असा एक तास असेल तर प्रत्येकाची पाळी यायला बारा आठवडे जातात. हे पुरेसं नाही हे मलाही कळतं, पण शून्यापेक्षा बरंच आहे.

सारांश लिहून घेऊ नका. मुलं मलपृष्ठावरचा मजकूर उतरवतात आणि आपण लाल शाईने शाबासकी देतो. पालकांच्या सहीची वाचन-नोंदवही तर त्याहून वाईट. महिनाअखेरीस एकाच पेनाने तीस दिवस भरले जातात.

वेळेबद्दल एक आकडा डोक्यात ठेवण्यासारखा आहे. अँडरसन, विल्सन आणि फील्डिंग यांनी १९८८ मध्ये अमेरिकेतल्या पाचवीच्या मुलांच्या रोजच्या वाचनाची नोंद छापली. शंभर मुलं कमी वाचणाऱ्यापासून जास्त वाचणाऱ्यापर्यंत रांगेत उभी केली तर मधलं मूल रोज ४.६ मिनिटं पुस्तक वाचत होतं, वर्षाला २ लाख ८२ हजार शब्द. नव्वदावं मूल २१.१ मिनिटं, वर्षाला १८ लाखांवर शब्द. म्हणजे दोघांमधलं अंतर रोजच्या सतरा मिनिटांचं.

आपल्याकडे ती सतरा मिनिटं झोपेच्या वेळी बसवायचा प्रयत्न होतो. क्लास आठला सुटतो, जेवण नऊला, साडेनवाला डोळे मिटतात आणि तेच पान तीन रात्री वाचलं जातं. शाळेतून आल्यावर, खाऊची बशी समोर असताना, क्लासला निघायच्या आधीची वेळ सगळ्यात बरी. अडचण एवढीच की ती जागा मोबाइलने आधीच बळकावलेली असते. मोबाइल त्या वेळी दुसऱ्या खोलीत चार्जिंगला.

खाडीकाठ (ऐरोली, विज्ञान)

माहितीपर वाचनाबद्दल इथे कुणीच लिहिलं नाही, म्हणून थोडं लांबण लावतो.

रेक्ट आणि लेस्ली यांचा १९८८ सालचा छोटासा प्रयोग या वयाच्या मुलांवरचाच आहे: सातवी-आठवीची ६४ मुलं. त्यांना बेसबॉल सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. चाचण्यांत वाचनात कच्ची ठरलेली, पण बेसबॉल जाणणारी मुलं, वाचनात पक्क्या पण बेसबॉल न कळणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. आपल्याकडे बेसबॉलच्या जागी 'फॉलोऑन' आणि 'गुगली' घाला, लगेच पटेल. विषयाची माहिती असली की वाचन सोपं होतं, आणि माहिती वाचनानेच वाढते. या चक्रात मुलाला कुठून तरी ढकलून आत घालायला लागतं.

त्यासाठी एकेक सुटं पुस्तक देण्यापेक्षा एका विषयाची जुडी द्या. इथल्या मुलांना सगळ्यात जवळची जुडी खाडीची. ठाणे खाडीचा भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला, २०२२ मध्ये रामसर स्थळांच्या, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत आला. पाच गोष्टी जमवा: रोहित (म्हणजे फ्लेमिंगो) पक्ष्यावरची चित्रमय पुस्तिका, तिवरांवरचा एखादा लेख, भरती-ओहोटीची माहिती, स्थलांतरावरचं थोडं मोठं पुस्तक, आणि वर्तमानपत्रातली एक बातमी. क्रम हाच, सोप्याकडून अवघडाकडे. गाळ, भरती, खारफुटी, स्थलांतर, क्षारता हे शब्द पाचही ठिकाणी येतात. पानखूण यांनी वर जे १५ टक्क्यांचं लिहिलं आहे त्यावर याहून सोपा तोडगा नाही. मूल विसरायच्या आत शब्द परत समोर येतो. बातमी शेवटी ठेवायची, कारण पहिल्या चारांमुळे ती आपोआप कळते आणि 'मी पेपर वाचला' ही ऐट मुलाला मिळते.

माहितीचं पुस्तक मुलं गोष्टीसारखं पहिल्या ओळीपासून वाचतात आणि चौथ्या पानावर दमतात. त्यांना दोन फेऱ्या शिकवा. पहिल्या फेरीत फक्त चित्रं, चित्राखालच्या ओळी, चौकटी आणि उपशीर्षकं. मग पुस्तक मिटून दोन प्रश्न मनाशी ठरवायचे. दुसऱ्या फेरीत त्या प्रश्नांची उत्तरं सापडतील तेवढंच वाचायचं. चित्राखालची ओळ वगळायची खोड सगळ्यांत जास्त असते, आणि नेमकी महत्त्वाची संख्या तिथेच असते.

पडद्यावरच्या वाचनाबद्दल: डेलगाडो आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ५४ अभ्यासांचा आढावा घेतला. कागदावर वाचलेलं जास्त चांगलं कळतं असं त्यात निघालं, आणि हा फरक माहितीपर मजकुरात दिसला, वेळेचं बंधन असताना तो वाढला. निव्वळ गोष्टींत नाही. तेव्हा गोष्ट टॅबवर चालेल, खाडीची जुडी कागदावर द्या. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक संकेतस्थळावर फुकट आहेत, ही खाणच आहे. मोबाइलवर मात्र नको. दोन रकान्यांचं पान बोटांनी ताणून मोठं करावं लागतं, रकान्याच्या तळाला पोचलं की वर यायचं, तिथे ओळ हरवते आणि मूल दुसरंच काहीतरी उघडतं. हवी ती चार पानं छापून द्या.

तळमजला (खारघर)

सोसायटीतलं कपाट. नियम थोडे, पण ठेचा खाऊन ठरलेले.

वेळ रोज साडेसहा ते साडेसात, मुलं खेळायला खाली उतरतात तेव्हा. रविवार सकाळ सुचवणारे पुष्कळ भेटतील, ऐकू नका. रविवारी सोसायटीत कुणी नसतं. कपाट लिफ्टजवळ हवं. क्लब हाऊसमध्ये ठेवलं की किल्ली मॅनेजरकडे आणि मॅनेजर जेवायला.

देणगीत पुस्तकं मागितली की लोक माळा रिकामा करतात: अपेक्षित प्रश्नसंच, जुने गाइड, पाच किलोचा ज्ञानकोश. 'देणगी स्वीकारू, पण कपाटात काय जाईल ते मुलांची समिती ठरवेल' अशी पाटी आधीच लावा म्हणजे वाईटपणा मुलांवर जातो. समितीत तेरा-चौदा वर्षांचीच मुलं घ्या. मोठ्यांनी 'छान आहे' म्हटलेलं पुस्तक पडून राहतं, आठवीतल्या दादाने म्हटलेलं त्याच संध्याकाळी जातं.

दंड नको. दंड साठला की मूल पुस्तकही आणत नाही आणि स्वतःही येत नाही. बक्षिसाचे पैसे तर मुळीच नकोत. पुस्तकामागे दहा रुपये ठेवले की चोवीस पानी पुस्तकांचा फडशा पडतो आणि जाड पुस्तक हातात घेणारा मूर्ख ठरतो. द्यायचंच तर पुढचं पुस्तक निवडायचा पहिला हक्क द्या. तीन महिन्यांनी पन्नासेक पुस्तकांची दुसऱ्या सोसायटीशी अदलाबदल करा. तीच पुस्तकं नेरूळहून आली की नवी वाटतात.

कॉमिक्स ठेवू नका असं सांगणाऱ्या काका-काकूंसाठी एक उत्तर पाठ करून ठेवा. हेज आणि आरेन्स यांनी १९८८ मध्ये इंग्रजीतले दुर्मीळ शब्द मोजले होते. हजार शब्दांमागे मुलांच्या पुस्तकांत ३०.९, कॉमिक्समध्ये ५३.५, आणि पदवीधर मोठ्यांच्या आपापसातल्या गप्पांत १७.३. मराठीची अशी मोजणी नाही हे खरं, पण गप्पांचा आकडा ऐकून काका गप्प होतात.

शंकेखोर

हे चोख. एक खरीखुरी शंका उरली. आठवीतली मुलगी एकच मालिका चौथ्यांदा वाचते आहे. थांबवायचं का?

दाखलांक

नाही. पहिल्या खेपेला ती 'पुढे काय' म्हणून पळत वाचते, वर्णनं गाळते. तिसऱ्या-चौथ्यांदा गोष्ट माहीत असते, तेव्हा ती वाक्यं वाचते. निबंधात त्या लेखकाची वळणं डोकवायला लागतील, तीही खोडू नका. तिला बाहेर काढायचं असेल तर मालिकेत तिला कोण आवडतं ते विचारा आणि तशाच स्वभावाच्या पात्राचं दुसरं पुस्तक मुखपृष्ठ समोर ठेवून त्याच फळीवर लावा. हातात देऊ नका.

आणि मालिका वाचनालयाची असेल तर संच पुरा आहे ना ते आधी पाहा. पाचवा भाग हरवलेला असेल तर बाकीची मुलं चौथ्यावर थांबतात, आणि ही चौथ्यांदा पहिल्यापासून सुरू करते ती कदाचित त्यामुळेच.